जलाशयाचा काठ आणि नाणेशोध : येलदरीच्या निमित्ताने

पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे बांधलेले धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ५१ मीटर उंचीच्या ह्या धरणामागे ९३ कोटी घनमीटरांच्या आसपास पाणी साठू शकते, आणि त्याच्या विद्युत्‌गृहात प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसविलेले आहेत. हे आकडे पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात नोंदले जातात व तेथेच बहुधा त्यांचा विचार संपतो. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र धरणाच्या भिंतीपेक्षा जलाशयाच्या काठाकडे जावयास हवे. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले म्हणजे काठाची एक रुंद पट्टी उघडी पडते. ती पाहणाऱ्यास समुद्राच्या पुळणीसारखी वाटते. पाण्याच्या हलत्या रेषेने तिच्यावर गाळाच्या समांतर कडा उमटविलेल्या असतात आणि ती कोणाच्याच मालकीची नसल्यासारखी भासते. धातुशोधक यंत्र, ज्याला व्यवहारात सरसकट मेटल डिटेक्टर म्हणतात, ते हाती घेऊन नव्याने नाणी शोधू लागलेला हौशी मनुष्य अशा पट्टीवर उतरला, तर त्याच्या कृत्याचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावयाचे, हा ह्या लेखाचा विषय आहे. पुळणीच्या निकषाने केल्यास तो निर्दोष ठरतो. तो निकष येथे लागू पडतो काय, हाच खरा प्रश्न होय.

पाश्चात्त्य देशांत ही हौस दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली आणि १९७० नंतरच्या दशकात फोफावली. तिच्या जाणकारांनी नवशिक्यास पहिला धडा नेहमी समुद्रकाठीच घ्यावयास सांगितला आहे, आणि त्यास कारणे आहेत. वाळू मऊ असते, खणलेला खड्डा पुढच्या भरतीला बुजतो, आणि सापडणारी वस्तू बहुधा काल-परवा कोणाच्या तरी हातून गळलेली असते. मुख्य म्हणजे पुळणीवरची वस्तू मूळ जागी नसते. लाटांनी ती शंभरदा उचलून शंभरदा टाकलेली असते, म्हणून ती उचलल्याने इतिहासाचे नवे नुकसान फारसे होत नाही. हा युक्तिवाद त्याच्या क्षेत्रापुरता सयुक्तिक आहे.

महाराष्ट्रात यंत्र नवे असले तरी शोध जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशात ‘झारा’ व ‘झारेकरी’ हे शब्द आढळतात. सोनाराच्या दुकानातील केर व राख म्हणजे झारा, आणि तो विकत घेऊन, धुऊन, चाळून त्यातील सोन्या-चांदीचे कण काढणारा तो झारेकरी. ह्याच वर्गातील लोक तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर व नदीच्या पात्रातही आपले कसब चालवीत. यात्रेकरूंनी वाहिलेली नाणी आणि स्नानाच्या वेळी निसटलेले दागिने ह्यांसाठी पाण्याखालची वाळू पाटीने उपसून धुण्याची त्यांची रीत होती. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात नदीच्या वाळूतून सोने धुणारी सोनझारी जात प्रसिद्ध आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात तिची स्वतंत्र नोंद आहे. आज गोदावरीच्या पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून पात्रात सोडणारी मुले दिसतात, ती ह्याच परंपरेची शेवटची शाखा मानावी लागेल. चुंबकास लागतात ती १९८८ नंतर पाडली जाऊ लागलेली पोलादी नाणी. तांब्याचा पैसा किंवा चांदीचा रुपया त्याला चिकटत नाही, त्यामुळे ह्या मुलांच्या हातून प्राचीन नाणे निघण्याचा संभव जवळजवळ नाही. झारेकऱ्याची गोष्ट वेगळी होती. पाटीत येईल ते सर्व त्याच्या हाती येई, पण त्याची दृष्टी धातूच्या वजनावर असे. प्राचीन नाण्यांपैकी किती त्याच्या मुशीत वितळली असतील ह्याचा अंदाज करण्यास काहीही साधन उरलेले नाही.

शोधाची दुसरी परंपरा पावसाची आहे. पैठण, नेवासे, तेर, भोकरदन, कऱ्हाड, जुन्नर ह्या सर्व ठिकाणी जुन्या वस्तीची पांढरी नदीच्या काठाला लागून आहे. पावसाळ्यात तिच्या कडा ढासळतात आणि मातीतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे व शिशाची किंवा पोटीनची नाणी उघडी पडतात. पाऊस उघडला की ती वेचावयास जाणे हा गावातील मुलाबाळांचा उद्योगच असतो. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ह्याच मार्गाने आयुष्यभर हजारो वस्तू जमविल्या. त्यांच्या नावाने तेर येथे आज शासकीय संग्रहालय उभे आहे. वेचलेल्या वस्तूंस अभ्यासात दुय्यम स्थान देण्याची विद्यापीठीय सवय योग्य असली, तरी लामतुऱ्यांचा संग्रह वगळून तेरचा इतिहास लिहिता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ह्या संग्रहाचे मोल गावाशी बांधलेले राहिले ह्यात आहे. वस्तू तेरच्या आहेत एवढे तरी त्यांच्याविषयी निश्चित सांगता येते. बाजारात गेलेल्या नाण्याविषयी तेवढेही सांगता येत नाही.

समुद्राकाठचे एक उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली. नाण्यांचे स्वतःचे मोल अल्प. परंतु ती त्या बेटावर सापडली, एवढ्या एका गोष्टीने घारापुरीच्या प्रसिद्ध लेण्याच्या कालनिर्णयाचे स्वरूप बदलले. लेण्यात शिलालेख उरलेला नाही. ते राष्ट्रकूटकालीन मानावे की त्यापूर्वीचे, ह्या वादात सहाव्या शतकातील कलचुरींच्या बाजूने जे पुरावे मांडले गेले त्यांत ही नाणी आहेत. म्हणजे थर हरपला तरी स्थळ हरपले नाही, तर नाणे अजून बोलते.

स्थळाबरोबर संख्याही टिकली तर ते किती बोलते, हे नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या निधीवरून कळते. १९०६ मध्ये उजेडात आलेल्या ह्या निधीत १३,२५० हून अधिक चांदीची नाणी होती. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. सर्व नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची, पण त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातील त्याच्या मातेच्या लेखात म्हटले आहे. त्या प्रशस्तीस हा निधी धातूची साक्ष देतो. आता असे समजा की हीच नाणी दहा-दहा, वीस-वीस करून शंभर हातांनी उचलली असती. प्रत्येक नाणे तेच राहिले असते. दोनतृतीयांश हे प्रमाण मात्र जगात कोठेही राहिले नसते, आणि नहपानाचे राज्य व गौतमीपुत्राचा विजय ह्यांमधील काळाचे अंतर अल्प असावे, हे अनुमानही त्याबरोबर गेले असते.

येलदरीच्या उत्तरेस, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे दीड हजार पोटीन नाण्यांचा निधी मिळाला. म. म. वा. वि. मिराशी यांनी तो वाचला तेव्हा पुराणांच्या वंशावळीत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी हे राजे प्रकाशात आले. त्याच सुमारास वाशीम येथे वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उपलब्ध झाला. वत्सगुल्माहून दिलेल्या ह्या दानपत्रातील गाव नांदीकट म्हणजे नांदेडच्या उत्तर मार्गावर होते. वाशीम व नांदेड ह्यांच्या दरम्यानचा हा सर्व मुलूख पूर्णा व पैनगंगा ह्यांच्या खोऱ्यांचा आहे. येलदरीचे पाणी ज्या जमिनीवर पसरले आहे ती ह्या जुन्या राजमार्गांच्या परिसरापासून दूर नाही. जिंतूर तालुक्यातच चारठाणा येथे यादवकाळाच्या आगेमागे उभारलेली मंदिरे आहेत, आणि जिंतूरलगत नेमगिरीची जैन लेणी आहेत. असे असता जलाशयाखाली गेलेली जमीन इतिहासशून्य होती असे धरून चालणे धाडसाचे होईल.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समुद्राची पुळण लाटा घडवितात. जलाशयाचा काठ लाटांनी घडविलेला नसतो. तो काल-परवापर्यंत कोरडी असलेली आणि मनुष्याने वापरलेली जमीन असतो. तिच्यावर शेतांचे बांध असतात, विहिरी असतात, पाणंद असते, उठून गेलेल्या गावांचे जोते असतात, आणि एखाद्या ठिकाणी त्या गावांच्याही आधीची पांढरी असते. गावकऱ्यांच्या भाषेतच हा भेद पक्का आहे : काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. धरण ह्या दोहोंवर सारखेच पाणी चढविते, पण दोन्हींतील भेद पुसत नाही. पाणी उतरले की पांढरी पुन्हा पांढरीच असते. उजनीच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाणी घटले की वर येते व लोक दर्शनास जातात, ते सर्वपरिचित आहे. देवळाला शिखर असते म्हणून ते दिसते. मातीच्या घरांच्या जमिनी, चुली, पेवे आणि त्यांत कोणी पुरून ठेवलेला गाडगाभर पैसा ह्यांना शिखर नसते.

म्हणून पुळणीचा युक्तिवाद येलदरीस लागू करता येत नाही. पाण्याच्या रेषेवर, जेथे लाटांच्या हलक्या माराने वरचा थर धुतला गेला आहे, तेथील वस्तू स्थानभ्रष्ट असू शकते. पण तिच्या खाली वीतभर अंतरावर, गाळाच्या आड, मूळचा थर अभंग असण्याचा संभव आहे. यंत्र हा भेद करीत नाही. त्याचा आवाज दोन्ही ठिकाणी सारखाच येतो. पुळणीवर ज्या खड्ड्याने काहीच बिघडत नाही, तोच खड्डा येथे एखाद्या घराच्या जमिनीतून आरपार जातो.

थराचे महत्त्व किती, हे प्रवरेच्या काठच्या दायमाबादने मराठी संशोधकांस चांगलेच शिकविले आहे. १९७४ मध्ये तेथे झाडाचे खोड खणून काढताना कांशाच्या चार ओतीव आकृती निघाल्या : मनुष्य हाकीत असलेला बैलांचा रथ, रेडा, हत्ती व गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या भूमीत आजवर मिळालेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ह्यांच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ‘ताम्रपाषाणयुगीन’ हे विशेषणच वादग्रस्त आहे. वस्तू उत्खननात, थरात, निघाल्या नव्हत्या. पुढे शां. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ ह्या काळात त्या स्थळाचे विस्तृत उत्खनन केले, आणि त्यांनी व म. के. ढवळीकर यांनी ह्या आकृती उत्तरहडप्पाकालीन ठरविल्या. उलट डी. पी. अगरवाल यांनी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण दाखवून ह्या निर्णयास हरकत घेतली. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पक्षांचे युक्तिवाद विचारार्ह, आणि निकाल लावू शकणारा एकमेव साक्षीदार, म्हणजे त्या खोडाभोवतालची माती, खणण्याच्या पहिल्याच दिवशी विस्कटलेली. ज्याने त्या शोधल्या त्याला ह्याचा दोष देता येणार नाही. तो नाणी वा मूर्ती शोधावयास गेलेला नव्हता. यंत्र घेऊन मुद्दाम शोधावयास जाणाऱ्यास ती सबब उरत नाही.

यंत्राविषयी काही सांगणे अवश्य आहे. वेटोळ्यातून वाहणारा प्रत्यावर्ती प्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचे प्रतिक्षेत्र यंत्रास कळते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ह्याच तत्त्वावर प्रयत्न केला व तो फसला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांनी सिद्ध केलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वापरले गेले. हौशी यंत्रांचा प्रसार त्यानंतरचा. साधे यंत्र एकट्या नाण्याची चाहूल सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच घेते.

परंतु ही यंत्रे ज्या मातीत रुळली ती माती दख्खनची नव्हे. येथील काळी माती बेसाल्टच्या विघटनाने बनली असून तिच्यात मॅग्नेटाइटचे कण विपुल आहेत. ते स्वतःच यंत्रास खोटी चाहूल देतात. कोकणात रत्नागिरीकडील काही पुळणींवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे, तेथे हाच त्रास आणि वर खाऱ्या पाण्याच्या वाहकतेचा त्रास. येलदरीस पाणी गोडे असल्याने दुसरा दोष नाही, पहिला मात्र पुरेपूर आहे. नवशिका ह्या गोंगाटाला कंटाळतो आणि यंत्राची निवडकळ फिरवून लोखंड, पत्रा, चांदीचा कागद असा ‘कचरा’ वगळू पाहतो. येथेच एक विचित्र घोटाळा होतो. पोटीन हा तांबे, कथील व शिसे ह्यांचा कमी वाहकतेचा मिश्रधातू असल्याने तऱ्हाळ्यासारखे सातवाहन नाणे यंत्राच्या दृष्टीने पत्र्याच्या तुकड्याजवळ पडण्याचा संभव असतो. चांदीचा हाली सिक्का तेवढा खणखणीत वाजतो. म्हणजे मराठवाड्याच्या इतिहासास जे नाणे सर्वांत उपयोगी, तेच नवशिक्याचे यंत्र प्रथम नाकारते, आणि तो ज्याच्यासाठी खणतो ते नाणे बहुधा अगोदरच सर्वज्ञात असते.

यंत्र मुळातच त्याज्य आहे असा मात्र ह्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. पुढच्या वर्षी स्कॉट व फॉक्स ह्या पुरातत्त्वज्ञांनी हौशी यंत्रधारकांनाच ओळीने उभे करून सर्व मैदान चालविले. प्रत्येक गोळी व काडतूस जागेवर ठेवून, मोजून, नकाशावर उतरविल्यावरच उचलले गेले. परिणामी १८७६ च्या त्या लढाईतील सैनिकांच्या हालचाली बंदुकीगणिक मांडता आल्या. यंत्र तेच आणि माणसेही तीच. फरक नकाशाचा होता.

अशा कामास येलदरीच्याच नदीवर, वरच्या अंगास, एक उत्तम क्षेत्र आहे. भोकरदनहून येणारी केळणा नदी जुई नदीस मिळते त्या दुआबात, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढाई झाली. केळणा पुढे पूर्णेस मिळते. ह्या लढाईविषयी जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग वेलस्लीच्या पत्रांवर व इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींवर उभा आहे. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, हे आकडे पाठ्यपुस्तकांत येतात. पोलमनच्या हाताखालील कवायती पायदळाने आपली आघाडी कशी फिरवली, तोफा नेमक्या कोणत्या रेषेवर होत्या, हे मराठी बाजूने सांगणारा कागद दुर्मीळ आहे. शेतात पडलेले शिशाचे गोळे व तोफेच्या छर्ऱ्यांचे लोखंड हाच त्या बाजूचा उरलेला दफ्तरखाना होय. असईतील गोळी वाहत येलदरीस येईल अशी कल्पना कोणी करू नये. शिसे पडते तेथेच रुतते, म्हणून तर त्याची जागा पुराव्यासारखी वापरता येते. नांगराने व हौशी हाताने ती जितकी विस्कळीत होईल तितका हा दफ्तरखाना जळत जाईल.

येलदरीसारख्या जलाशयांच्या काठी यंत्रधारकापेक्षा मोठे हात काम करीत असतात, ही गोष्टही न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. पाणी उतरल्यावर काठची जमीन गाळपेरीस दिली जाते व तिच्यावर नांगर फिरतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून लहानमोठ्या तलावांतील गाळ यंत्रांनी उपसून शेतांवर नेला जातो. शेतीस तो हितकारक आहेच. पूर्वीही शेतकरी पांढरीची माती खत म्हणून गाडीने नेत असत, आणि पुष्कळ प्राचीन टेकाडे तशीच खचली. परंतु गाळाबरोबर गेलेले नाणे पाच कोसांवरच्या शेतात निघेल, आणि पुढील पिढीतील एखादा संशोधक तेथे सातवाहनकालीन वस्ती असल्याचे अनुमान काढील. ह्या धोक्याच्या तुलनेत वेटोळे घेऊन काठाने फिरणारा एकटा हौशी मनुष्य किरकोळ आहे. त्याचे वैशिष्ट्य इतकेच की नांगर नाणे निवडून काढीत नाही, तो काढतो.

कायद्याची स्थिती अशी आहे. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, जागा व सापडल्याचा दिवस ह्यांची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक केले. मालक न ठरल्यास आणि दुसरा करार नसल्यास निधीचा तीनचतुर्थांश शोधणाऱ्यास व एकचतुर्थांश जमीनमालकास मिळावा, अशी वाटणीही त्यातच आहे. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. १९१४ मध्ये स्थापन झालेले हैदराबादचे पुरातत्त्व खाते मराठवाड्यातील अवशेषांचे काम पाही, आणि १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आल्यावर ही घडी बदलली. पुढे १९५८ चा केंद्रीय व १९६० चा महाराष्ट्राचा स्मारकविषयक कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा हे आले. संरक्षित स्थळी खणण्यास त्यांनी मनाई केली, व शंभर वर्षांहून जुन्या वस्तूच्या व्यापारावर व निर्यातीवर बंधने घातली. येलदरीचा काठ हे घोषित संरक्षित स्थळ नव्हे, म्हणून तेथे सापडलेल्या नाण्यास मुख्यतः १८७८ चाच आधार पुरतो. इंग्लंडात १९९६ चा निधी कायदा झाला आणि १९९७ पासून किरकोळ वस्तूंचीही ऐच्छिक नोंद घेणारी योजना सुरू झाली. तिच्यातून तेथील प्राचीन नाण्यांच्या प्रसाराचे नकाशे तयार झाले. आपल्याकडे त्या दुसऱ्या अंगाचा अभाव आहे.

१८७८ च्या कायद्यात एक बारकावा आहे. शासनाने निधी स्वतःकडे घ्यावयाचे ठरविल्यास हक्कदारांस द्यावयाची रक्कम त्यातील द्रव्याची किंमत अधिक तिचा एकपंचमांश अशी धरली जाते. किंमत धातूची, नाण्याची नव्हे. सोन्याच्या होनांच्या हंड्यास ही तरतूद ठीक लागते. शिशाच्या किंवा पोटीनच्या मूठभर सातवाहन नाण्यांची धातू म्हणून किंमत, कायदा झाला त्या काळी, दहा रुपयांच्या मर्यादेपर्यंतही पोहोचली नसती, आणि आजही ती भंगाराच्या दराने मोजली जाईल. ज्या नाण्याने कुंभ सातकर्णीचे नाव परत मिळवून दिले त्याचा शोधकर्ता वर्दी देण्यास उत्सुक का नसावा, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात मिळते. येलदरीपुरती आणखी एक अडचण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि जलाशयाचा एक काठ जिंतूर तालुक्यात तर समोरचा सेनगाव तालुक्यात गेला. पाणी उतरल्यावर मधल्या गाळात नाणे सापडले, तर वर्दी दोहोंपैकी कोणत्या जिल्हाधिकाऱ्यास द्यावयाची, हे ठरविण्यासाठी प्रथम त्या नाण्याची जागा नकाशावर नेमकी लिहावी लागेल.